रुमाल सुटले, वाचणार कोण?

७ सप्टेंबर २०२३ रोजी महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली आणि मराठवाड्यातील निजामकालीन कागदपत्रांत ‘कुणबी’ अशा नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले. बीड जिल्ह्यातील दप्तरखानेही त्या निमित्ताने उघडले गेले. अनेक वर्षे कोणी हात न लावलेले रुमाल सुटले आणि धूळ झटकली गेली. परंतु कागद हाती आल्यावर एक साधीच अडचण पुढे उभी राहिली. काही कागद मोडीत होते, काही फारसीत, काही उर्दूत. ते वाचावयाचे कोणी?

हा प्रश्न केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा नाही. ज्या ओळीवर एखाद्या मुलाचा महाविद्यालयातील प्रवेश किंवा नोकरी अवलंबून आहे, ती ओळ त्याला स्वतःला वाचता येत नाही, त्याच्या वडिलांना येत नाही आणि ज्या कारकुनाच्या ताब्यात तो कागद आहे त्यालाही बहुधा येत नाही. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी माजलगाव आणि बीड येथे जाळपोळ झाली. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटिअरचा आधार घेण्याचा शासन निर्णय निघाला, तेव्हा काही लोकांना दिलासा वाटला तर काहींच्या मनात धास्ती उत्पन्न झाली. आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू न्याय्य, हा विषय वेगळा. येथे एवढेच नोंदवावयाचे की, एका जिल्ह्याची शांतता जुन्या कागदांच्या वाचनाशी निगडित झाली असताना ते वाचन करू शकणारी माणसे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

बीडची कागदोपत्री स्थिती मुळातच विलक्षण आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन येथे, गोदावरीच्या काठी, अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्याने निजामअलीच्या सैन्याचा पराभव केला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर त्या रणात पडला. पुढे ११ मार्च १७९५ रोजी जिल्ह्याच्या सीमेलगत, जामखेड तालुक्यात, खर्ड्याची लढाई झाली. तिच्यामागे चौथाईच्या थकबाकीचा दीर्घ वाद होता. त्या वादाच्या काळात गोविंदराव काळे हे पेशव्यांचे वकील म्हणून निजामाच्या दरबारात होते आणि त्यांची पत्रे नाना फडणिसांकडे पुण्यास जात होती. लढाया येथल्या मातीत झाल्या. त्यांचे कागद मात्र पुण्याच्या दप्तरात मोडीत राहिले. निजामी अमलाचे कागद हैदराबादेस जमा झाले, आधी फारसीत आणि १८८४ च्या सुमारास राज्यकारभाराची भाषा बदलल्यावर उर्दूत. उरले ते जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या कचेऱ्यांत व जुन्या वतनदारांच्या घरांत. म्हणजे बीडच्या माणसाला स्वतःच्या गावाचा इतिहास जाणावयाचा तर त्याने तीन ठिकाणी हिंडले पाहिजे आणि तीन लिप्या-भाषांशी झुंजले पाहिजे.

राज्यकर्त्यांचे कागद सर्वांसाठी असतात, ही जाणीव अमेरिकेत फार लवकर उत्पन्न झाली. स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत तेथील अनेक सरकारी कागद नष्ट झाले होते. एबेनेझर हॅझर्ड नावाचा गृहस्थ उरलेले कागद गोळा करून छापण्याच्या खटपटीत होता. त्या वेळी परराष्ट्रमंत्री असलेल्या थॉमस जेफरसन यांनी त्याला फेब्रुवारी १७९१ मध्ये एक पत्र लिहिले. त्याचा आशय असा की, गेले ते परत येणार नाही. राहिले ते वाचवावयाचे असेल तर कुलपे आणि तळघरे उपयोगी नाहीत, कागदाच्या नकलाच इतक्या वाढवाव्यात की कोणत्याही आपत्तीने सगळ्या एकदम नाहीशा होऊ नयेत.

त्या देशाने हा सल्ला उशिरा का होईना, मनावर घेतला. १९५० साली प्रिन्स्टन विद्यापीठाने जेफरसन यांच्या कागदपत्रांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यानंतर वॉशिंग्टन, ॲडम्स, मॅडिसन, हॅमिल्टन, फ्रँकलिन यांच्याही कागदांचे खंड निघाले. विद्यापीठांनी संपादक दिले, सरकारने आणि देणगीदारांनी पैसा दिला. २०१३ मध्ये ही सारी सामग्री इंटरनेटवर विनामूल्य खुली झाली. आज तेथे १ लाख ८० हजारांहून अधिक पत्रे व लेख कोणालाही वाचता येतात. विशेष म्हणजे त्यात निवड करून केवळ गौरवाचे कागद ठेवलेले नाहीत. सर्व माणसे समान आहेत असे जाहीरनाम्यात लिहिणारे जेफरसन आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलामांचे मालक होते, ही गोष्ट त्यांच्या स्वतःच्या हिशेबवह्यांवरूनच सिद्ध होते. ते कागद दडपले गेले नाहीत, म्हणूनच त्या संग्रहावर वाचकांचा विश्वास बसतो.

महाराष्ट्रात असे प्रयत्न झाले नाहीत असे मुळीच नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड काढले. त्यासाठी ते गावोगाव हिंडले, घराघरांतून कागद मिळविले आणि दारिद्र्य पत्करले. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेस पटवर्धनांच्या दप्तरावर असेच आयुष्य वेचले. गो. स. सरदेसाई यांनी बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या अल्प काळात संपादित केले. परंतु ४५ खंड झाले तरी तो त्या दप्तराचा एक लहानसा अंशच होय. व्यक्तींच्या त्यागावर काम किती पुढे जाऊ शकते आणि कोठे अडते, हे यावरून स्पष्ट होते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता येथील तुटवडा कशाचा आहे? कागदाचा नाही, तो कोट्यवधींनी पडून आहे. यंत्रांचाही नाही; छायाप्रत काढण्याचा खर्च आज नगण्य झाला आहे. तुटवडा आहे तो वाचणाऱ्या डोळ्यांचा. विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडी गेली आणि ती जाणणारी पिढीही मागे पडली. शिवाय केवळ अक्षरओळख पुरेशी नाही. राक्षसभुवनच्या वर्षातील पत्रावर ‘अर्बा सितैन मया व अलफ’ असे लिहिलेले असते. हे अरबी अंक आहेत: चार, साठ, शंभर आणि हजार, मिळून शुहूर सन ११६४, त्यात ५९९ मिळविले म्हणजे १७६३ साल येते. शब्द न तोडता, लेखणी न उचलता लिहिलेली अक्षरे, संक्षेपांची रूढी, फारसी वळणाच्या महसुली संज्ञा, हे सारे अंगवळणी पडावयास वर्षे लागतात. दोन-तीन महिन्यांच्या वर्गाने प्रमाणपत्र मिळते. वाचक तयार होत नाही.

आणि वाचक थोडे असले म्हणजे त्यांच्या हाती अवाजवी सत्ता येते. याचा एक कटू अनुभव इतिहासात आहे. १८१८ नंतर पेशव्यांचे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि त्याने मुंबई इलाख्यातील इनामदारांच्या हक्कांची त्याच कागदांवरून छाननी केली. पुरावा अपुरा ठरून हजारो इनामे खालसा झाली. दप्तर सरकारपाशी, वाचणारा सरकारचा आणि निर्णयही सरकारचा! कागद बाहेर काढला तर जमीन जाते, ही भीती तेव्हापासून जुन्या घराण्यांच्या मनात बसली असल्यास नवल नाही. आजही माळ्यावरची पेटी उघडावयास लोक कचरतात आणि तोवर वाळवी आपले काम करीत राहते.

आजची शोधमोहीमही त्याच वाटेने जाण्याचा धोका आहे. हजार पानांच्या रुमालातून हवा तो एक शब्द उचलावयाचा आणि उरलेला रुमाल पुन्हा बांधून ठेवावयाचा, या पद्धतीने कोणाचेच समाधान होणार नाही. ज्याला दाखला मिळाला त्याच्याकडे शेजारी संशयाने पाहील. ज्याला नाकारला गेला तो म्हणेल की, कागद होता, पण वाचला नाही. दोघांनाही उत्तर एकच आहे. संपूर्ण रुमालाची छायाप्रत, तिच्याशेजारी बालबोध लिप्यंतर आणि खाली वाचणाऱ्याचे नाव, अशी सामग्री सर्वांसाठी खुली करावी. एकाने चुकीचे वाचले तर दुसऱ्याला ते दाखवून देता येईल. ज्याची पडताळणी कोणालाही करता येत नाही, अशा पुराव्यावर समाजाचा विश्वास कसा बसावा?

हे काम खर्चाचे आहे, पण अवाक्याबाहेरचे नाही. बीड, अंबाजोगाई, गेवराई, माजलगाव येथील महाविद्यालयांत इतिहास आणि भाषा शिकणारे विद्यार्थी आहेत. त्यांच्यातील निवडक मुलामुलींना दोन-तीन वर्षे विद्यावेतन देऊन मोडी, उर्दू व फारसी दप्तरांच्या वाचनात तयार केले, तर त्यांना गावातच प्रतिष्ठेचे काम मिळेल. खासगी घराण्यांकडील कागद मूळ मालकाकडेच ठेवून केवळ त्यांची प्रत घ्यावी आणि तशी लेखी हमी द्यावी. हैदराबादेतील मराठवाड्याशी संबंधित दप्तरांच्या प्रती मिळविण्यासाठी दोन राज्यांत करार करावा. या खर्चाचे फळ कोणा एका व्यक्तीच्या पदरात पडणार नाही. म्हणूनच तो बाजारावर सोडता येत नाही. रस्ते आणि पाटबंधारे यांच्याप्रमाणेच तो सार्वजनिक तिजोरीने उचलावयाचा असतो.

राक्षसभुवनला गोदावरी आजही वाहते आहे. तिच्या काठच्या शाळेतील विद्यार्थ्याला त्या लढाईचे साल पाठ असते. तिच्याविषयी लिहिलेले एकही पत्र त्याने पाहिलेले नसते. उद्या दाखल्यासाठी त्याला दप्तरखान्याच्या दारात उभे राहावे लागेल, तेव्हा आतला कागद दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याखेरीज त्याला गत्यंतर नसावे, ही अवस्था स्वराज्यात शोभणारी नाही. रुमाल सुटले आहेत. ते पुन्हा बांधले जाण्यापूर्वी वाचणारे तयार झाले पाहिजेत.