हातातला रेडिओ-संच : स्वस्त घ्यावा की महाग?

हौशी रेडिओची परीक्षा पास झालेल्या माणसाला पुढचा प्रश्न पडतो तो संचाचा. शाळेतल्या मुलांना बिनतारी संदेश कसा जातो हे दाखवायचे असते, आणि पुरात टेलिफोन, मोबाइल बंद पडले तर तालुक्याशी बोलता यावे असेही मनात असते. दुकानात गेले की दोन नावे हमखास कानावर येतात : चिनी बनावटीचा बाओफेंग यूव्ही-५आर आणि जपानचा याएसू एफटी-६०आर. हा दुसरा २००४ सालचा, पहिला २०१२च्या सुमाराचा. अमेरिकेत पहिला पंचवीस डॉलरच्या आसपास विकला गेला, तर दुसरा दीडशेच्या घरात. एवढा फरक कशाचा, ते पाहू.

शक्तीचा तर नव्हे. एकाची चार-पाच वॅट, दुसऱ्याची पाच. शक्ती चौपट केली तेव्हा कुठे ऐकणाऱ्याच्या मीटरचा काटा एक घर सरकतो; मग अर्ध्या-एक वॅटसाठी भांडायचे कशाला? पल्ला ठरतो तो उंचीने. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. सपाट रानात दोघे उभे राहिले तर दहा किलोमीटरच्या आसपास पृथ्वीची गोलाईच आडवी येते, आणि झाडे-घरे त्याआधीच. पण चारशे मीटर उंच डोंगरावर चढा, की ऐंशी किलोमीटरपर्यंत वाट मोकळी!

आणि नेमकी इथेच खरी गोम आहे. डोंगरमाथ्यावर आपण एकटे नसतो. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा आहे. असे मनोरे ठिकठिकाणी आहेत. धान्य चाळताना आधी मोठ्या भोकांची चाळण, मग बारीक, तसे एफटी-६०आरमध्ये येणारी लहर टप्प्याटप्प्याने चाळली जाते. बाओफेंगमध्ये हे सारे काम एकच चिमुकली चकती करते आणि दारातली चाळण फार सैल. गावात याने काही बिघडत नाही. मनोऱ्याशेजारी मात्र शेजारच्या जोरदार लहरी आत घुसतात आणि समोरच्याचा क्षीण आवाज बुडून जातो. म्हणजे उंचावर गेल्याचा फायदा घ्यायचा, तिथेच हा संच बहिरा!

बोलतानाही तोच प्रकार. १४५ मेगाहर्ट्झवर बोलावे तर २९० आणि ४३५वरही थोडी गळती होते. अमेरिकन रेडिओ रिले लीगच्या प्रयोगशाळेने स्वस्त संच तपासले, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच संचांची गळती मर्यादेबाहेर निघाली.

आणखी एक धोका, शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावा असा. आपल्याकडे हौशी मंडळींना या भागात १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ एवढीच जागा आहे. बाओफेंग १३६ ते १७४ आणि ४०० ते ४८०वर बोलू देतो. मुलाचे बोट चुकले की दुसऱ्याच कुणाच्या, कदाचित सरकारी, कामात व्यत्यय. बिनपरवाना बोलणे तर गुन्हाच आहे. ऑनलाइन दुकानांतून असे संच सर्रास विकले जात, म्हणून २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्यासाठी नियम काढावे लागले.

स्वस्ताच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्याला टॉर्च आहे, एफ.एम.वरची आकाशवाणी त्यावर ऐकू येते. महागड्यावर ती येत नाही, बरे का! शिवाय एकटा संच मुकाच. दुसऱ्या टोकाला कोणीतरी हवे, आणि एका जपानी संचाच्या पैशांत पाच चिनी येतात. मुलांना शिकवायला, गावच्या गावात बोलायला मी स्वस्त जोडीच घेईन. पुराच्या तयारीत डोंगरावर जायचे, तर एफटी-६०आर. त्याला सहा पेन्सिल-सेलांचा डबा मिळतो; अडीअडचणीला कमी शक्तीवर त्यावरही काम भागते, आणि असे सेल खेड्यातल्या वाण्याकडेही असतात.

संच कोणताही असो, सोबतचे आखूड एरियल कमजोरच असते. सुमारे ४९ सेंटिमीटर तार घेऊन एरियलच्या बुडाशी, धातूला टेकेल अशी गुंडाळावी आणि खाली लोंबती सोडावी. १४५ मेगाहर्ट्झवर आवाज पुष्कळ सुधारतो.