घरच्या घरी मत्स्यपेटी

ठाण्याहून निघणाऱ्या घोडबंदर रोडच्या एका अंगास येऊरचे डोंगर व दुसऱ्या अंगास उल्हास नदीची खाडी आहे. कावेसर, ओवळा, कासारवडवली या गावांत पूर्वी भातशेती होती आणि पहिल्या पावसात चढणीचे मासे पकडण्यात मुले दंग असत. आता तेथे उंच इमारती आहेत. मुलांना जिवंत मासा दिसतो तो बहुधा काचेच्या पेटीत. अशी पेटी घरी करता येते. परंतु पुष्कळ ठिकाणी मासे आठवडाभरातच मरतात. त्याचे कारण आधी समजून घ्यावे.

पेटीसाठी ६ मिलिमीटर जाडीच्या पाच काचा घ्याव्यात. तळाची एक व लांब बाजूंच्या दोन, प्रत्येकी ६० × ३० सेंटिमीटर. आखूड बाजूंच्या दोन, २८.८ × ३० सेंटिमीटर. धारा घासून बोथट कराव्यात. तळावर बाजू उभ्या करून सांधे सिलिकोनने जोडावेत. बुरशीनाशक मिसळलेले सिलिकोन वापरू नये. तीन दिवस वाळल्यावर पाणी भरून गळती पाहावी. वाळू व पाण्यासह वजन सुमारे ६० किलो होते. म्हणून बैठक भक्कम व सपाट असावी आणि तिच्यावर थर्मोकोल अंथरावा.

आता मुख्य गोष्ट. कच्चे शेणखत पिकास जाळते, कुजलेले पोसते, हे शेतकऱ्यास ठाऊक आहे. पाण्याचेही तसेच आहे. माशांच्या विष्ठेतून विषारी अमोनिया सुटतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात; शेताच्या मातीतही हेच कार्य चालते. वाळूत व गाळणीत हे जिवाणू पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दोन-तीन गप्पी मासेच ठेवावेत व खाद्य चिमूटभरच द्यावे. दर आठवड्यास पाव हिस्सा पाणी बदलावे. नळाचे पाणी दोन दिवस उघड्या बादलीत ठेवून मगच घालावे. गाळणी पेटीतून काढलेल्या पाण्यातच खळबळावी. नळाखाली धुतल्यास क्लोरीनमुळे जिवाणू मरतात. उरलेले पाणी रोपांना घालावे.

नकोसा मासा तळ्यात वा खाडीत कधीही सोडू नये. पेटी स्वच्छ ठेवतो म्हणून विकला जाणारा सकर मासा हातभर वाढतो. त्याने देशातील अनेक जलाशयांत ठाण मांडून स्थानिक माशांचे अन्न बळकावले आहे. असा मासा विक्रेत्यास परत द्यावा.

ग्रामसेवकांनी गावच्या शाळेत अशी एक पेटी मुलांच्या हातून करवून घ्यावी. पहिला महिना ज्याने धीर धरला, त्याचे मासे जगतात.