जळगावचा दाणा, बोलिव्हियाचा पाहुणा!

माहीत आहे का? भुईमुगाला फूल येतं जमिनीवर, पण शेंग धरते मातीत! फूल सुकलं की आरी, म्हणजे त्याच्या बुडातून वाढणारा टोकदार देठ, खाली झेपावते, जमिनीत घुसते आणि तिथे शेंग पोसते.

नवा वाण करायचा तर शोटाइम ठरलेला. हे फूल आपलंच परागीभवन उरकून मोकळं होतं. म्हणून संध्याकाळी कळीतले पुंकेसर चिमट्यानं काढायचे आणि सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे. एवढं करून बक्षीस काय? फळलंच तर एक शेंग, दोन-तीन दाणे! हे चिमटेवाले हात फोटोत कधी दिसत नाहीत. दिसायला हवेत!

आता व्हिलन, म्हणजे भुईमुगाचे रोग. एक तांबेरा. दुसरा टिक्का: खायचा नव्हे, खाणारा! दोघं जोडीनं आले की पानं गळतात आणि निम्म्याहून जास्त उत्पादन गुल.

हीरो कुठला, माहीत आहे का? थेट बोलिव्हियाचा! अरॅकिस कार्डेनासी हा भुईमुगाचा जंगली नातलग दोन्ही रोगांना पुरून उरतो. 1960 च्या दशकात अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात सोयरीक जुळवली, पण पत्रिका जुळेना. भुईमुगाची गुणसूत्रं 40, याची 20. संतती 30 ची आणि वांझ! मग कामी आलं कोल्चिसिन. हो, आपल्या कळलावीत असतं तेच विष. त्यानं 30 चे 60 झाले आणि पुढच्या पिढ्यांत गाडी पुन्हा 40 वर आली.

2021 मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासात या पाहुण्याचा वारसा तब्बल 30 देशांत सापडला. धारवाडचा जीपीबीडी-4 याच घराण्यातला. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटनं त्यातला तांबेरा रोखणारा डीएनएचा तुकडा मार्करच्या, म्हणजे डीएनएतल्या खुणांच्या, मदतीनं तीन लोकप्रिय वाणांत उतरवला.

त्यातले दोन आपले, महाराष्ट्राचे! टॅग-24 म्हणजे ट्रॉम्बे-अकोला ग्राउंडनट. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांची ही जोडगोळी. अणुवाल्यांची शेंग, बोला!

दुसरा जेएल-24, अर्थात फुले प्रगती. जेएल म्हणजे जळगाव. आणि हा गडी फॉरेन रिटर्न नव्हे, फॉरेन सेटल्ड! मलावीत शेतकरी त्याला 'काकोमा' म्हणून पेरतात, झांबियात 'लुएना' म्हणून.