पेडलचा क्रम बदलला की आवाज का बदलतो?

लोणी काळभोरच्या एमआयटी एडीटी विद्यापीठात संगीत आणि इंजिनिअरिंग दोन्ही शिकवतात. गिटारच्या पेडलचा क्रम हा दोन्हीकडच्या मुलांना विचारावा असा प्रश्न आहे.

डिले आणि इक्यू घ्या. दोन्ही रेषीय, म्हणजे दोन सूर एकत्र दिले काय किंवा वेगवेगळे देऊन बेरीज केली काय, उत्तर एकच. शिवाय ते वेळेनुसार बदलत नाहीत. (ट्रेमोलो बदलतो, त्यामुळे तो इथे बसत नाही.) म्हणून कुठलंही आधी लावा, फरक जवळपास नाही.

आता इक्यू काढून डिस्टॉर्शन लावा. ते लाटेचे शेंडे कापतं. त्यानंतर डिले असेल तर प्रतिध्वनी सुटे सुटे विरत जातात. उलट केलंत की नवा सूर आणि जुना प्रतिध्वनी एकत्रच कापले जातात: २०० आणि ३३० हर्ट्झमधून ७० आणि ४६० हर्ट्झही निघतात, जे तुम्ही वाजवलेच नव्हते. काहींना तो गोंधळच आवडतो म्हणा.

डेटाचंही तसंच. १ आणि १०० यांची सरासरी ५०.५, तिचा दशमान लॉग सुमारे १.७. आधी लॉग, मग सरासरी? उत्तर १. तेव्हा मेथड्समध्ये नुसतं ‘लॉग आणि सरासरी घेतली’ लिहू नका, आधी काय केलं तेही लिहा.