बदलीची नोकरी, फुटबॉलच्या मैदानावरची

नवऱ्याच्या बदलीचं पत्र आलं की आपल्या पोटात कसा गोळा येतो, ते काय सांगायला हवं? बिऱ्हाड आवरा, मुलांच्या शाळा शोधा, नव्या गावात दूधवाल्यापासून सुरुवात करा. पण समजा, मुलं हाताशी आल्यावर, वयाच्या ५७ व्या वर्षी, परक्या भाषेच्या देशात संसार मांडावा लागला तर? इंग्लंडच्या बॉबी रॉबसन आणि एल्सी या जोडप्यावर तीच वेळ आली.

फुटबॉलचं आपल्याला काय, म्हणाल. मलाही त्यातलं फारसं कळत नाही. पण माणूस वाचण्यासारखा आहे, बरं का!

बॉबी खाणकामगाराचा मुलगा. वडिलांनी ५१ वर्षांत एकच पाळी चुकवली म्हणे! हा आठ वर्षं इंग्लंडच्या संघाचा मॅनेजर होता. १९९० च्या विश्वचषकानंतर करार वाढणार नाही असं दिसलं, म्हणून त्याने हॉलंडच्या पीएसव्ही आइंडहोवनची नोकरी धरली. लगेच तिकडच्या वर्तमानपत्रांनी त्याला देशद्रोही ठरवलं. त्याच वर्षी संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला, तेव्हा कुठे तोंडं बंद झाली.

हॉलंडमध्ये दोन वर्षांत दोनदा लीग जिंकली. मग पोर्तुगालची राजधानी लिस्बन, तिथला स्पोर्टिंग क्लब. भाषेचा गंध नाही, म्हणून क्लबाने एक दुभाषा दिला. हा तरुण पूर्वी शाळेत व्यायामशिक्षक होता. नाव जोझे मोरिन्यो. (आम्हा शिक्षकांना कमी लेखू नका!) सांगितलेलं नुसतं भाषांतर न करता तो खेळही शिकत गेला आणि पुढे स्वतःच जगातल्या नामांकित मॅनेजरांत जाऊन बसला.

डिसेंबर १९९३ मध्ये संघ लीगमध्ये पहिल्या क्रमांकावर असताना बॉबीला काढून टाकलं. युरोपातली एक स्पर्धा हरल्याचं निमित्त झालं. नोकरी गेली की घरात कशी शांतता पसरते, ते ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच ठाऊक. पण महिन्याभरात पोर्तो क्लबाने बोलावलं. मोरिन्योलाही त्याने बरोबर नेलं, आणि त्याच मोसमात पोर्तुगीज चषकाच्या अंतिम सामन्यात हरवलं कुणाला? स्पोर्टिंगलाच!

१९९५ साली चेहऱ्यात कर्करोग निघाला. त्याआधी आतड्याचा होऊन गेला होताच. टाळूतून शस्त्रक्रिया झाली, दात काढावे लागले. एल्सीबाई परिचारिकेचं शिक्षण घेतलेल्या, तरी स्वतःच्या माणसाचं दुखणं काढणं वेगळंच. काही महिन्यांत हा पुन्हा मैदानावर, आणि पोर्तोने लागोपाठ दुसऱ्यांदा लीग जिंकली.

पुढे बार्सिलोना. १९९७ च्या सुरुवातीला त्याच्या लहानपणच्या आवडत्या न्यूकॅसल क्लबाचं बोलावणं आलं. घराजवळची नोकरी! पण करार केलाय म्हणून त्याने नाही म्हटलं. त्या मोसमात बार्सिलोनाला तीन चषक मिळवून दिले आणि उन्हाळ्यात क्लबाने त्याची जागा दुसऱ्याला दिली. मला तर वाचतानाच राग आला. त्याने मात्र आदळआपट केली नाही.

न्यूकॅसलचं बोलावणं पुन्हा आलं १९९९ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी. घरच्या मैदानावरचा पहिलाच सामना ८-० ने जिंकला! २००४ मध्ये तिथूनही काढलं गेलं. कर्करोग परतून येतच राहिला. २००८ मध्ये दोघांनी कर्करोग्यांसाठी निधी सुरू केला. जुलै २००९ मध्ये त्या निधीसाठी न्यूकॅसलला सामना झाला, तेव्हा तो चाकाच्या खुर्चीतून मैदानावर आला. पाच दिवसांनी तो गेला.