चार तोंडं, सोळा हेडं

इलेक्ट्रिक ब्रश म्हटलं की आमच्या बेळगावजवळच्या मच्छेत पहिली चौकशी लाइट बिलाची. ती आधी उरकून टाकू. चार्जर वर्षभर प्लगलाच राहिला आणि अखंड एक वॅट खात राहिला असं धरलं, तरी 8,760 तासांचे पावणेनऊ युनिट होतात. म्हणजे पन्नास-साठ रुपये. गृहज्योती योजनेच्या मोफत विजेत बसणाऱ्या घराला तेही नाहीत.

पैसा जातो हेडांत. दर तीन महिन्यांनी हेड बदलायचं, साध्या ब्रशसारखंच. पण साधा ब्रश तीस-चाळीस रुपयांत किराणा दुकानात लटकलेला असतो. हेड अडीचशेच्या पुढे, त्यासाठी बेळगावात जा नाहीतर ऑनलाइन मागवा, आणि एका कंपनीचं दुसरीच्या दांड्यावर सहसा बसत नाही. एका दांड्यावर चौघांचं भागवू म्हटलं तरी वर्षाला हेडं सोळाच लागतात. झाले चार हजार. शिवाय बॅटरी आत पॅक केलेली, ती संपली की अख्खा दांडा टाकायचा. सेलवरचा ब्रश या बाबतीत बरा. मात्र सेल उतरत आले की तो नुसता गुरगुरतो.

तोंडाला काय सोसतं, हा हिशोब निराळा. गोल हेडचा ब्रश झटक्याझटक्यानं अर्धवट उलटसुलट फिरतो. शेवटच्या दाढेमागं छान पोचतो, पण हेडची प्लास्टिकची पाठ दुसऱ्या दाताला लागली की टकटक थेट कवटीत जाते. सोनिकचं हेड लांबट. मिनिटाला तीस हजारांच्या आसपास फटके. डोळ्याला दिसत नाहीत, ओठाला मुंग्या तेवढ्या येतात. मला सोनिक मानवला. बटण मात्र ब्रश तोंडात गेल्यावरच दाबायचं, नाहीतर पेस्ट आरशावर.

आमचा शेजारी इथल्याच औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत कास्टिंग घासतो. "दिवसभर हातात ग्रायंडर, आता तोंडात बी काय ग्रायंडरच?" म्हणत त्यानं माझ्या ब्रशला नवं हेड लावून बघितलं. लगेच दांड्यावरचा लाल दिवा लागला: दाब जास्त. हाताला सवयच रेटायची. ब्रश घासायचा नसतो, दातावर नुसता टेकवून हळूहळू पुढं सरकवायचा, हे त्याला पटायला वेळ लागला.

फायदा होतो, पण माफक. 2014च्या कॉक्रेन आढाव्यात 56 चाचण्या तपासल्या होत्या. तीन महिन्यांपुढं दातांवरचा थर साध्या ब्रशपेक्षा 21 टक्के कमी, हिरड्यांची सूज 11 टक्के कमी. नीट घासणाऱ्या धडधाकट माणसानं एवढ्यासाठी खर्चात पडू नये, असं माझं मत. शेजाऱ्याला म्हटलं, घ्यायचाच तर एकट्या आईला घे. तिची बोटं सांध्यांत आखडलीत, जाड दांडा मुठीत बसेल, वर्षाला चार हेडं लागतील.

पण म्हातारी मशेरीवाली. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 साली बंदी आली. निपाणीकडची तंबाखू घरच्या तव्यावर भाजणारीला कोण अडवणार? मशेरी सुटल्याखेरीज हजार रुपये घालायचे नाहीत, असं शेजाऱ्यानं ठरवलंय. म्हातारीला अजून कुणी विचारलेलं नाही.