पाटे बदलले की शाफ्ट का थरथरतो?

गॅरेजच्या धंद्यात आपल्या समाजाचे कारागीर पुष्कळ आहेत, आणि जुन्या महिंद्रा जीप उंच करण्याचे काम बऱ्याचदा त्यांच्याच हाती येते. जाड पाटे किंवा लांब शॅकल बसवून गाडी तीन-चार इंच उचलली जाते. गिऱ्हाईक खुशीत जाते आणि आठवड्याने परत येते. पन्नासच्या पुढे गाडी थरथरते! मग क्रॉस बदलला जातो, महिन्याने पुन्हा बदलला जातो. पैसे गिऱ्हाइकाचे जातात, पण नाव उस्तादाचे खराब होते. अशा वेळी दोष बहुधा क्रॉसमध्ये नसतोच, तो कोनात असतो.

क्रॉस कोनात चालू लागला की एक टोक एकसारखे फिरत असूनही दुसरे टोक प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे पडते. कोन ३ अंश असेल तर हा फरक हजारी दीडहून कमीच. १० अंशांवर तो शेकडा दीड होतो. म्हणजे कोन तिपटीने वाढला, पण दोष अकरापट झाला. म्हणूनच शाफ्टला दोन क्रॉस असतात. दोन्हींचे कोन सारखे आणि शाफ्टचे दोन्ही योक एका रेषेत असले, तर पहिल्याची गडबड दुसरा निस्तरतो. (शाफ्ट खोलताना खडूने खूण न करणारे मदतनीस इथेच घात करतात.)

गाडी सरळ वर गेली तर दोन्ही कोन सारखेच वाढतात. पण मागचे शॅकल लांब केले की पाट्याचे मागचे टोक खाली जाते, हौसिंग फिरते आणि पिनियनचे तोंड वर येते. मग कोन जुळत नाहीत.

आधी खात्री करावी. गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये इंजिन फिरवावे. तेव्हाही थरथर असेल तर शाफ्टचा संबंध नाही. चाकांचा दोष असेल तर थरथर संथ असते. शाफ्टची बारीक आणि वेगवान असते, कारण धुरीचा रेशो ५.३८ असेल तर चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे पाचाहून अधिक फेरे होतात.

मोजमाप सपाट जमिनीवर, गाडी चारही चाकांवर उभी असतानाच घ्यावे. जॅकवर घेतलेले माप फुकट! ट्रान्सफर केसचा फ्लँज, शाफ्ट आणि पिनियनचा फ्लँज या तिघांचा उतार चुंबकी कोनमापकाने घ्यावा. पहिल्या दोघांतला फरक हा पुढच्या क्रॉसचा कोन, शेवटच्या दोघांतला मागच्या क्रॉसचा. दोहोंत एका अंशाहून अधिक तफावत नको. कोन अगदी शून्यही नको, नाहीतर सुया एकाच जागी बसून खड्डे पाडतात. जोर लागला की पाटे वळतात आणि पिनियन वर उठतो, त्यामुळे उभ्या गाडीत तो एखादा अंश खालीच ठेवावा.

दुरुस्ती पाचरीने होते. पाटे हौसिंगच्या वर असतील तर पाचरीची जाड बाजू पुढे ठेवल्यास पिनियन खाली जातो. पाटे खाली असतील, जसे जुन्या जीपमध्ये असतात, तर नेमके उलट. पाचर पोलादाचीच घ्यावी, ॲल्युमिनियमची दबते. तिच्यासाठी सेंटर बोल्ट लांब लागतो. यू-बोल्ट नवे घालावेत आणि शे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. पाटे खालून वर घेणार असाल तर हौसिंगची बैठक वेल्ड करण्यापूर्वीच कोन ठरवावा, नंतर पाचरींची गर्दी करू नये.

शाफ्टच्या सरकत्या स्प्लाइनकडेही पाहावे. गाडी उचलल्यावर ती बाहेर ओढली जाते. पकड थोडी उरली असेल तर शाफ्ट लांब करून बॅलन्स करून घ्यावा. पुढचे टोक सुटून रस्त्यात रुतले तर गाडी उलटू शकते.

जाता जाता एक गोष्ट. ज्या कंपनीच्या या जीप, ती १९४५ साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ म्हणून सुरू झाली होती. भागीदार गुलाम मोहम्मद पुढे पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले.

गाडी उंच करण्यापूर्वी गिऱ्हाइकाला कायदाही सांगावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले आहे. बिलावर घेतलेले कोन, पाचरीचे माप आणि पुन्हा आवळण्याची तारीख लिहून द्यावी.